कुलपातले नववे प्रकरण

झुलाल नानांचा कॉम्प्युटर सुरू करायचा म्हणजे आधी लेंग्याची नाडी सैल करावी लागे. कारण त्याच्या किल्ल्या नानांच्या करदोड्याला होत्या. एक कॉम्प्युटरच्या डब्याची, एक फ्लॉप्यांच्या प्लास्टिकच्या डबीची आणि एक पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीची. रोज सकाळी साडेदहाला नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहात, पोट आत घेत, किल्ली सोडवत आणि मग मोठ्या गंभीरपणे खुर्चीवर बसत. समोरच्या घरच्या इंदिराबाईंना पहिल्या दिवशी वाटले, नानांना लघवीचा त्रास सुरू झाला. त्यांनी बेबाबाईंना गोखरूचा काढा सुचवला होता.

डबा उघडला की कॉम्प्युटर पासवर्ड मागे. तो दिला की पडदा उजळे आणि नाना 'पंचांग' नावाची एक घडी शोधत. घडी म्हणजे फोल्डर. नाना तिला घडी म्हणत, कारण मराठी शब्द असताना इंग्रजी वापरणाऱ्याला त्यांनी पस्तीस वर्षे बाकावर उभे केले होते. ही घडी त्यांनी लपवून ठेवली होती, आणि लपवलेली कुणी शोधलीच तर पंचांगाला कोण हात लावील, असा त्यांचा हिशेब होता. आत गेल्यावर फायलीचा स्वतःचा वेगळा पासवर्ड. एवढे सगळे करून नाना लिहायच्या जागी पोचत तेव्हा अर्धा तास गेलेला असे, आणि काहीतरी मोठे काम उरकल्यासारखे त्यांना हायसे वाटत असे.

नाना पारोळ्याजवळच्या एका गावात हेडमास्तर होते. मागच्या वर्षी, म्हणजे शहाण्णवला, निवृत्त होऊन ते जळगावच्या कॉलनीत घर बांधून राहायला आले. नाशिकच्या कंपनीत असलेल्या मुलाने, वडिलांचा वेळ जावा म्हणून, हा कॉम्प्युटर आणून दिला. वेळ घालवण्याची नानांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले. नाव ठरले 'एका हेडमास्तराचे खरे बोल'. जानेवारीत शाळेचा सुवर्णमहोत्सव होता, तिथे त्याचे प्रकाशन व्हायचे होते. तोवर एक शब्दही बाहेर फुटता कामा नये, कारण आत खरे बोल होते. चौथ्या प्रकरणात एक सुपरवायझर वर्गात खुर्चीवर झोपला होता. सहाव्यात संस्थेच्या चेअरमननी एका लोहचुंबकाच्या जोरावर विज्ञान प्रयोगशाळेचे उद्घाटन केले होते.

सुरक्षा एवढी कडक, पण नानांच्या लिहिण्याची एक पद्धत होती. पस्तीस वर्षे त्यांनी मुलांना शुद्धलेखन घातले होते. वाक्य दोनदा सांगायचे, खणखणीत सांगायचे, शेवटच्या बाकापर्यंत पोचले पाहिजे, आणि विरामचिन्हे वगळायची नाहीत. ती सवय निवृत्त झाली नव्हती. एका बोटाने अक्षर शोधत नाना टाईप करत, आणि अक्षर सापडेपर्यंत वाक्य हरवू नये म्हणून ते सांगत राहात. "चेअरमन साहेबांनी चुंबक हातात घेतला, स्वल्पविराम, चुंबक हातात घेतला, आणि विचारले की, स्वल्पविराम, याला सेल कुठे घालतात, प्रश्नचिन्ह." एक वाक्य पडद्यावर उतरायला पाच-सात मिनिटे लागत, आणि तेवढ्यात ते कॉलनीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत येई. पासवर्डही ते असाच, एकेक अक्षर सुटे करून, स्पष्ट उच्चारात घालत.

इंदिराबाई साडेदहाला मेथी निवडायला ओट्यावर येऊन बसत. त्यांच्या घरात एवढी मेथी कोण खातो, हे त्यांच्या नवऱ्यालाही कळत नव्हते. कॉलनीत कुणी डुलकी काढताना दिसला की लोक त्याला 'सुपरवायझर झाला' म्हणू लागले होते. नानांना हे ऐकून आनंद झाला. प्रतिभावंत माणसाचे विचार हवेत आधीच असतात, असे ते बेबाबाईंना म्हणाले.

बेबाबाईंना सगळे आत्मचरित्र पाठ झाले होते. त्यांचा इलाज नव्हता, स्वयंपाकघर मधल्या भिंतीच्या पलीकडे होते आणि भिंत अर्ध्या विटेची होती. मुळात त्यांचे पाठांतर जबरदस्त. मंगरूळच्या शाळेत त्या फायनलला पहिल्या आल्या होत्या. फायनल म्हणजे सातवीची परीक्षा, आणि त्या काळी सातवी पास पोरीला धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात नंबर लागला तर मास्तरीण होता येई. गुरुजींनी स्वतः त्यांचा फॉर्म भरला होता. लग्न ठरले होते म्हणून नाव आणि पत्ता सासरचा दिला. एकसष्टच्या एप्रिलात लग्न झाले, आणि मे महिनाभर नवी नवरी पोस्टमनच्या वेळेला काहीतरी काम काढून दारात उभी राहिली. शेवटी नानांनी चौकशी करून आणली. नंबर लागला नव्हता.

त्यानंतर छत्तीस वर्षे हा नानांचा आवडता विनोद होता. पाहुणे आले, चहा आला की नाना म्हणत, "आमच्या हिलाही मास्तरीण व्हायचं होतं. सरकार थोडक्यात वाचलं." पाहुणे हसत. बेबाबाई कपबशा गोळा करत. आपल्यात काहीतरी कमी होते, ही गोष्ट त्यांनी कधीच मान्य करून टाकली होती.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी नानांनी नववे प्रकरण सुरू केले. त्या दिवशी त्यांनी खिडकीचे एक दार लावून घेतले. आवाज तेवढाच ठेवला. बेबाबाई कळण्याची भाकरी तव्यावर टाकत होत्या.

"सन एकोणीसशे एकसष्टच्या मे महिन्यात, स्वल्पविराम, मे महिन्यात, धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे एक पत्र पोस्टातच माझ्या हाती पडले, पूर्णविराम," नाना पलीकडून सांगत होते. "पत्र माझ्या पत्नीच्या नावाचे होते, पूर्णविराम. तिचा नंबर लागला होता, पूर्णविराम. तिचा नंबर लागला होता."

भाकरी करपल्याचा वास आला. बेबाबाईंनी ती उलटली नाही.

"तिला फायनलला माझ्यापेक्षा एकोणीस गुण जास्त होते, पूर्णविराम. पत्र मी पेटीत ठेवले आणि तिला सांगितले की, स्वल्पविराम, नंबर लागला नाही, पूर्णविराम. ते पत्र अजून पेटीत आहे, पूर्णविराम."

समोरच्या ओट्यावर इंदिराबाईंची मेथी थांबली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघींची नजरानजर झाली, आणि इंदिराबाई टोपली उचलून आत गेल्या. त्या बाईच्या आयुष्यातला हा पहिलाच मुका क्षण असावा.

बेबाबाईंना राग आला, आणि तो एवढा मोठा होता की कुठून धरावा हे त्यांना कळेना. छत्तीस वर्षांचे चहाचे कप त्यांना आठवले. तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःची समजूत घातली. माणूस कॉम्प्युटरला सांगतो आहे, म्हणजे घसा मोकळा करतो आहे. उद्या आपल्याला सांगेल. पत्र्याच्या पेटीचे कुलूप त्यांना बत्त्याच्या एका घावात तोडता आले असते. पण त्यांना कुलूप तुटायला नको होते. ज्याने लावले त्याने काढायला हवे होते.

चार दिवस त्या वाट पाहात राहिल्या. जेवताना समोर बसत, पंखा घालत. नाना जेवत आणि पेपर वाचत. पाचव्या दिवशी बेबाबाईंनीच दार किलकिले केले.

"आयकतस का," त्या म्हणाल्या, "त्या साले मना नंबर कितला मार्कनी हुकना व्हता?"

नानांनी पेपर जरासा वर धरला. "थोडक्यात. दोन-चार गुणांनी असेल. आता ते कशाला काढतेस?"

छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या खोट्याला आकडा मिळाला होता. बेबाबाईंनी ताटे उचलली.

दुसऱ्याच दिवशी नानांनी अभिमनला बोलावले. अभिमन बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओ संपले तसा तो टीव्हीकडे वळला, आणि टीव्हीवरून थेट कॉम्प्युटरकडे. तिन्ही यंत्रांना तो आधी एक थापट मारी. त्याच्यापुढे नानांनी आपली अडचण ठेवली. बाहेरच्या चोराची भीती नाही, पण घरातल्या घरात कुणी उघडू नये अशी सोय पाहिजे.

"घरमा शे कोन, नाना?" अभिमन म्हणाला. "तुम्ही आनि आक्का."

"तेच म्हणतो मी," नाना म्हणाले.

आक्का त्याच वेळी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. अभिमनने कप घेतला आणि सल्ला दिला. कॉम्प्युटरमध्ये काही ठेवूच नये. तिथून बठ्ठं पुसून टाकावे, आणि फक्त फ्लॉप्यांवर ठेवावे. फ्लॉपी खिशात राहाते, कुलपात राहाते, कुणाच्या हाती लागत नाही. नानांना हे फारच पटले. त्यांनी तीन फ्लॉप्या करवून घेतल्या, एक मूळ, एक तिची नक्कल आणि एक नकलेची नक्कल. मूळ प्लास्टिकच्या डबीत गेली. नक्कल दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कोठीत हातभर खोल. तिसरी पलंगाखालच्या पेटीत, पत्राच्या शेजारी. मग कॉम्प्युटरमधले 'पंचांग' पुसले गेले. पुसताना नाना सवयीने म्हणाले, "पुसले, पूर्णविराम."

पुढे खंडेनवमी आली. या दिवशी शेतकरी नांगर पूजतो, सुतार करवत पूजतो, आणि नानांनी शाळेत असताना पृथ्वीचा गोल, घंटेचा टोल आणि तो एकुलता एक चुंबक पूजला होता. यंदा कॉम्प्युटरची पहिली पूजा. नानांनी धुतलेले धोतर नेसले, पाट मांडला, कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली आणि तिन्ही फ्लॉप्या आपापल्या कुलपांतून आणि ज्वारीतून काढून पाटावर ओळीने मांडल्या. एक पूजली आणि दोन तशाच ठेवल्या, असा पंक्तिप्रपंच करणारे नाना नव्हते.

बेबाबाईंनी कुंकू कालवून दिले. नानांनी फ्लॉपी हातात घेतली, तिचे पत्र्याचे झाकण अंगठ्याने सरकवले आणि आतल्या काळ्या चकतीवर अनामिकेने ओले कुंकू टेकवले.

"आतमा वल्लं कुंकू कसाले लावतस?" बेबाबाई म्हणाल्या. "खराब व्हई जाई."

"पुस्तकाला कुंकू पुठ्ठ्यावर लावतात की पहिल्या पानावर?" नानांनी विचारले. "तुला काय कळतंय यातलं."

बेबाबाईंनी हळदीची वाटी पुढे सरकवली. कुंकवावर हळद पडली, हळदीवर दोन-दोन अक्षता पडल्या, वर तांब्यातल्या पाण्याचा शिंतोडा. नानांनी अंगठा काढला तसे स्प्रिंगचे झाकण आपोआप मिटले, आणि सरस्वतीने नैवेद्य स्वीकारला अशा भावनेने त्यांनी हात जोडले. तिन्ही फ्लॉप्यांचे असेच यथासांग झाले.

दसरा झाला, सोने वाटून झाले. त्यानंतरच्या दिवशी साडेदहाला नानांनी मूळ फ्लॉपी कॉम्प्युटरात घातली. आतून दळण दळल्यासारखा खरखर आवाज आला आणि पडद्यावर इंग्रजीत नकार उमटला. नानांनी नक्कल घातली. आवाज थोडा वाढला. मग नकलेची नक्कल. या वेळी आवाजही आला नाही.

अभिमनने येऊन सवयीने थापट मारली आणि खाचेखालून एक तांदळाचा दाणा टुणकन बाहेर पडला. नंतर त्याने डबा खोलला, काडीला कापूस गुंडाळून आत फिरवला. कापूस लालभडक निघाला. त्याने तो नानांपुढे धरला.

"नाना," तो म्हणाला, "बठ्ठं गयं."

नानांचा चेहरा उतरला. आठ महिन्यांचे काम, सुपरवायझर, चेअरमन, चुंबक, सगळे कुंकवात गेले होते. ते खुर्चीत बसून राहिले. बेबाबाईंना त्यांची खरोखर दया आली. पण त्या दारातच उभ्या होत्या आणि छत्तीस वर्षे तो चेहरा त्यांनी पाहिला होता. थोड्या वेळाने त्या उतरलेल्या चेहऱ्यावर आणखी एक गोष्ट आली. खांदे सैल झाले, श्वास खाली गेला. तपासणी अधिकाऱ्याची गाडी शाळेसमोरून न थांबता पुढे गेली की नाना असेच दिसत. नववे प्रकरणही गेले होते, आणि ते कुणी पाहिले नव्हते.

"जाऊ दे," नाना म्हणाले. "नशिबात नव्हतं."

बेबाबाईंची दया तिथल्या तिथे संपली. त्या आत गेल्या, नातवाची अर्धी कोरी राहिलेली वही आणि पेन घेऊन आल्या आणि नानांपुढे ठेवली.

"मी सांगस," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिखा."

"काय लिहू?"

बेबाबाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांनी घसा साफ केला, आणि मग त्यांच्या तोंडून घरातली भाषा नाहीशी झाली. "प्रकरण पहिले, खाली रेघ ओढा. माझा जन्म एका गरीब परंतु स्वाभिमानी कुटुंबात झाला, पूर्णविराम. गरीब परंतु स्वाभिमानी कुटुंबात झाला."

नानांच्या हातातले पेन तसेच राहिले. "तू ऐकत होतीस?"

"बठ्ठी गल्ली आयके. मी तं घरमाच ऱ्हास," बेबाबाई म्हणाल्या. "पूर्णविराम दिला का?"

नानांनी पूर्णविराम दिला. काय करणार, पुस्तक हवे होते. त्या दिवशी दोन प्रकरणे झाली. बेबाबाई एक शब्द चुकत नव्हत्या. नानांचा मात्र र्‍हस्व-दीर्घाचा घोटाळा होई, आणि बेबाबाई वाकून बघत, बोट ठेवत. चौथ्या दिवशी चुंबकाचे वाक्य सांगून झाले तेव्हा समोरच्या ओट्यावरून इंदिराबाई म्हणाल्या, "आक्का, 'कुठे घालतात'नंतर प्रश्नचिन्ह शे." बेबाबाईंनी मान डोलावली आणि नानांना प्रश्नचिन्ह घालायला लावले. त्या क्षणी नानांना आपल्या सगळ्या पासवर्डांची किंमत कळली. ते वहीकडे पाहात राहिले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आले की आठांनंतर नऊ येतात.

पुढच्या दिवसापासून नानांचा हात हळू चालू लागला. त्यांचे बोट दुखू लागले, पेनची शाई सुकू लागली, सातव्या प्रकरणात त्यांना चष्म्याचा नंबर बदलल्यासारखे वाटले. बेबाबाई थांबत आणि मग वाक्य पुन्हा सांगत. बाराव्या दिवशी आठवे प्रकरण संपले. नानांनी घाईने वही मिटली.

"आठच पुरे," ते म्हणाले. "पुस्तक फार मोठं होईल."

"प्रकरण नववे," बेबाबाई म्हणाल्या. "खाली रेघ ओढा."

नानांनी वर पाहिले. बेबाबाईंचा चेहरा शांत होता. ओट्यावर इंदिराबाई मेथी निवडत नव्हत्या, नुसत्याच बसल्या होत्या.

नानांनी वही उघडली. रेघ वाकडी आली.

"सन एकोणीसशे एकसष्टच्या मे महिन्यात, स्वल्पविराम," बेबाबाई सांगू लागल्या, आणि एकही शब्द न गाळता, न वाढवता, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सांगत गेल्या. नाना लिहीत गेले. 'तिचा नंबर लागला होता' हे वाक्य त्यांनी नियमाप्रमाणे दोनदा सांगितले. दुसऱ्या खेपेला त्यांचा आवाज जरा फाटला, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला असता.

"लिखं?" त्यांनी विचारले. "वाचा."

नानांनी ओठ हलवले.

"मोठ्यानं. रोज वाचतस तसं."

नानांनी वाचले. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच त्यांचे बोलणे कॉलनीच्या टाकीपर्यंत गेले नाही, खोलीच्या दारापर्यंतही कसेबसे गेले. "ते पत्र अजून पेटीत आहे," एवढे वाचून ते थांबले. पूर्णविराम म्हणायचे विसरले.

बेबाबाईंनी हात पुढे केला. "किल्ली."

नाना उठले. भिंतीकडे तोंड करायचे त्यांना सुचले नाही. करदोड्याची गाठ त्यांच्याने सुटेना, आणि बेबाबाईंनी मदत केली नाही. अखेर गाठ सुटली. नानांनी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. ते काहीतरी बोलणार होते. "मी तेव्हा," एवढेच म्हणाले, तोवर बेबाबाई पलंगाखालची पेटी ओढत होत्या.

पेटीत नानांचा लग्नातला फेटा होता, खाली जुने हजेरीपट होते आणि त्यांच्याखाली एक तपकिरी पाकीट. पाकिटावर नाव होते, बेबाबाई झुलाल पाटील. लग्नानंतरचे त्यांचे नाव पहिल्यांदा कुणीतरी लिहिले होते ते इथे. त्यांनी आतला कागद काढला, उजेडाकडे धरला आणि एकदा मनात वाचला. डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने पुसले आणि परत भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"प्रकरण दहावे," त्या म्हणाल्या. "बसा."

नाना बसले.

"आपली निवड झाली असून, स्वल्पविराम, आपण दिनांक बारा जून एकोणीसशे एकसष्ट रोजी, स्वल्पविराम, सकाळी दहा वाजता हजर राहावे, पूर्णविराम."

नानांचे पेन 'निवड' शब्दापाशीच अडकले होते. बेबाबाईंनी खिडकीचे मिटलेले दार उघडले.

"हजर राहावे," त्यांनी पुन्हा सांगितले, आणि नानांचे लिहून होईपर्यंत थांबल्या.